परदेशात बँक खातं कसं काढायचं? खान्देशातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा अमळनेरचा. सहा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि आता परत गावी आलोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला. तेव्हापासून लग्नात, बस स्टँडवर, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत लोकांनी गाठून विचारलंय, "तिकडं बँकेत खातं कसं काढायचं भो?" रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. जर्मनीबद्दल जास्त लिहिलंय, कारण तिथलं स्वतः भोगलंय. बाकी देशांचं थोडक्यात. आणि निम्मं इथल्या, घरच्या खात्याबद्दल आहे. तिकडच्या खात्याची काळजी सगळेच करतात, इथल्याची कुणी करत नाही, आणि भानगडी बहुतेक इथल्याच्याच होतात.

जायच्या आधी, जळगाव-धुळ्यात बसूनच तिकडचं खातं उघडता येतं का?

रोजच्या व्यवहाराचं खातं बहुतेक देशांत नाही येत. बँकेला तुमचा तिकडचा पत्ता लागतो आणि तो तुमच्याकडे अजून नसतो. विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी आधीच एक खास खातं काढावं लागतं, ते इथून ऑनलाइन निघतं. नोकरीवर जाणाऱ्याला पगाराचा करार हातात असेल तर त्या खात्याची गरज नाही. एजंट सगळ्यांनाच ते काढायला लावत असेल तर "कशासाठी?" असं स्पष्ट विचारा.

हे 'श्पेरकोंटो' काय प्रकरण आहे?

श्पेरकोंटो म्हणजे कुलूप लावलेलं खातं. एका वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी भरायचे आणि जर्मनीत गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढायची. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो झाली. ही रक्कम मधूनमधून वाढते, म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी भरलेला आकडा धरून चालू नका.

महिन्याचे ते ९९२ युरो हातात पडायला तिकडे तुमचं स्वतःचं साधं चालू खातं लागतं. म्हणजे श्पेरकोंटो काढलं तरी दुसरं खातं काढण्यापासून सुटका नाही. हे मुलांना तिथे पोचल्यावर कळतं.

इथून एवढे पैसे पाठवायचे कसे? आमच्या शाखेत साहेब म्हणतात, इथं होत नाही.

बरोबरच म्हणतात. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम बहुधा होत नाही, जिल्ह्याच्या मोठ्या शाखेत जावं लागतं. आपल्या देशातून माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ए-२ नावाचा फॉर्म, पॅन, पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र आणि श्पेरकोंटोवाल्यांनी दिलेला खाते क्रमांक न्यायचा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जात नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे पैसे असतील तर दहा लाखांच्या वरही नाही.

खरी मेख वाटेतल्या बँकांच्या शुल्कात आहे. तुमचे पैसे जळगावातून थेट जर्मनीत जात नाहीत, मध्ये एक-दोन बँका लागतात आणि प्रत्येक जण आपला तुकडा काढून घेतो. तुम्ही बरोब्बर ११,९०४ पाठवले आणि तिकडे ११,८७० पोचले तर खातं 'अपुरं' ठरतं आणि व्हिसाला लागणारा दाखला अडकतो. उरलेल्या ३४ युरोंसाठी पुन्हा पहिल्यापासून फॉर्म. म्हणून फॉर्मवर 'सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडा आणि वर शंभरेक युरो जास्त पाठवा. ते बुडत नाहीत, तुमच्याच खात्यात राहतात.

पोचल्यावर खातं उघडायला कोणते कागद लागतात?

पासपोर्ट, व्हिसा किंवा राहण्याचा परवाना, नोकरीचा करार किंवा विद्यापीठाचं पत्र, आणि पत्ता नोंदवल्याचा दाखला. पहिले तीन तुमच्याजवळ असतात. सगळं घोडं चौथ्यापाशी अडतं.

जर्मनीत नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवावं लागतं. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. नोंदवायला घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो: हा माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतो. त्या कागदाचं जर्मन नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. पाठ करू नका, मोबाइलमध्ये लिहून ठेवा. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. काही घरमालक खोली देतात पण हा कागद द्यायला का-कू करतात. अशी खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

नोंदणी झाली की एका पानाचा दाखला मिळतो. मग काही आठवड्यांनी टपालाने अकरा आकडी कर क्रमांक येतो. बँक तोही विचारते, पण बहुधा नंतर दिला तरी चालतो. आणि हो, नोंदणीनंतर आणखी एक पत्र हमखास येतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ते फसवणुकीचं पत्र नाही. मी ते फाडून टाकलं होतं; नंतर थकबाकीसह भरलं.

खातं नाही म्हणून कुणी घर देत नाही आणि घर नाही म्हणून बँक खातं देत नाही. मग?

हे चक्र खरं आहे. फोडायचं ते घराच्या बाजूने. जाण्यापूर्वीच कंपनीला किंवा विद्यापीठाला विचारा की पहिले दोन-तीन महिने राहायची सोय आहे का, आणि त्या पत्त्यावर नोंदणी होते का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हॉटेल किंवा पर्यटकांच्या खोल्यांवर बहुधा नोंदणी होत नाही. ओळखीच्या माणसाकडे उतरणार असाल तर त्याला आधीच मोकळेपणाने सांगा, नुसता पाहुणचार नको, सही लागेल. आपल्याकडे पाहुण्याला सही मागायची सवय नाही, त्यामुळे माणसं लाजतात आणि महिना वाया घालवतात.

कार्ड मंजूर झालं असं बँक म्हणते, पण तीन आठवडे झाले, आलंच नाही.

तुमच्या टपालपेटीवर तुमचं नाव आहे का?

हसू नका. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, गाव, एवढंच. पोस्टमन खाली लावलेल्या पेट्यांवरची आडनावं वाचतो आणि पत्र टाकतो. मी पहिल्यांदा एका आजीबाईंकडे भाड्याने राहिलो. पेटीवर फक्त त्यांचं आडनाव. माझं कार्ड आलं, नाव सापडलं नाही, परत गेलं. पिनचं पत्र सुरक्षेसाठी वेगळं येतं, तेही परत गेलं. मग तिसरं पत्र आलं की पत्ता चुकीचा दिसतो म्हणून खातं तात्पुरतं थांबवतोय. ते कसं काय पोचलं देव जाणे. पगाराची तारीख तोंडावर आलेली. शेवटी आजीबाईंनीच वहीचं पान फाडलं, माझं आडनाव ठसठशीत लिहिलं आणि पेटीवर सेलोटेपने चिकटवलं. चार दिवसांत कार्ड हजर. तेव्हा घराची किल्ली मिळाल्या दिवशीच पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर नाव लावा.

नावाचा घोळ होतो म्हणतात, तो काय?

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिहेरी रांग. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात पहिली दोन येतात. तिकडच्या लोकांना वाटतं दोन्ही नावं तुमचीच आहेत. ते एक वेळ चालेल. पण करारात वडिलांचं नाव गाळलेलं, बँकेत ठेवलेलं आणि पगारपत्रकात आडनाव आधी, असं झालं की तीन माणसं तयार होतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्यापूर्वी बँक खाते क्रमांक आणि नाव जुळतं का हे तपासून सांगते. नाव जुळलं नाही की पाठवणाऱ्याच्या पडद्यावर इशारा येतो आणि पगार काढणारी बाई फोन करते.

आपल्या भागात आणखी एक पदर आहे. शाळेच्या दाखल्यावर पाटील, सातबाऱ्यावर कुळाचं आडनाव, असं अनेक घरांत असतं. लग्न झालेल्या मुलींचं आधारवर सासरचं आणि पदवीवर माहेरचं. गावात चालून जातं, कारण तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखतात. तिकडे तुम्हाला कुणीच ओळखत नाही, पासपोर्टवर जे छापलंय तेवढेच तुम्ही. म्हणून पासपोर्ट हा मूळ धरा आणि प्रत्येक फॉर्मवर त्यातलंच नाव, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने भरा. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर जाण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

कोणती बँक चांगली?

ज्या बँकेची शाखा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे ती, निदान पहिलं वर्ष तरी. श्पारकासे नावाच्या बँका त्या त्या गावाच्या-जिल्ह्याच्या असतात. महिन्याला थोडं शुल्क घेतात, पण समोर माणूस बसलेला असतो. ऑनलाइन बँका फुकट असतात, पण ओळख पटवण्यासाठी व्हिडिओ कॉल करावा लागतो आणि काहींना प्रत्येक देशाचा पासपोर्ट चालत नाही. अर्जाआधी त्यांची यादी बघा. व्हिडिओवर जमलं नाही तर पोस्टात पासपोर्ट दाखवून ओळख पटवायची सोय असते.

तिसरा प्रकार फोल्क्सबँक आणि रायफायझेन बँका. या सहकारी आहेत, सभासदांच्या. आणि इथे एक मजेची गोष्ट सांगतो. रायफायझेन हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन माणूस, एका गावचा महापौर. सावकाराच्या पाशातल्या शेतकऱ्यांसाठी त्याने गावपातळीवरच्या पतपेढ्या काढल्या. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला त्या पद्धतीचा अभ्यास करायला लावलं आणि १९०४ मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. म्हणजे तुमच्या बापाने ज्या विकास सोसायटीतून पीककर्ज उचललं, तिचा आजा जर्मन. मी तिथल्या शाखेतल्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग शाखाप्रमुखाला बोलावून आणलं. खातं त्याच दिवशी झालं. त्याचा यात किती वाटा, माहीत नाही.

बँकेने सरळ नाही म्हटलं तर?

युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत जून २०१६ पासून त्याला 'बाझिसकोंटो' म्हणतात. त्यात पगार जमा होतो, भाडं जातं, कार्ड मिळतं. उसनवारीची सोय नसते. बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं. तोंडी 'नाही' ऐकून परत फिरू नका. "बाझिसकोंटोचा अर्ज द्या" एवढंच म्हणा, कागद पुढे येतो. तरी अडवलं तर 'बाफिन' नावाची सरकारी नियामक संस्था आहे, तिच्याकडे जाता येतं.

'शुफा' म्हणजे तिकडचा सिबिल का?

तसंच समजा. नवीन माणसाची तिथे पाटी कोरी असते. कोरी पाटी वाईट नसते, पण क्रेडिट कार्ड लगेच मिळत नाही. पहिल्याच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. बिलं वेळेवर भरा.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आखात यांचं काय?

ब्रिटनमध्ये परवान्याचं प्लास्टिक कार्ड गेलं, आता सगळं ऑनलाइन ई-व्हिसा. बँकेने विचारलं तर तिथून एक शेअर कोड काढून द्यायचा, तो नव्वद दिवस चालतो. पत्त्यासाठी विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून बँकेच्या नावाने पत्र मिळतं, ते पहिल्याच आठवड्यात मागा. सप्टेंबरात रांग लागते.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी कायद्याने खातं अडत नाही. काही बँका तरीही आग्रह धरतात. विद्यापीठाच्या आवाराजवळची शाखा धरा, त्यांना पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला कागद) आणि वसतिगृहाचा पत्ता पाहायची सवय असते.

कॅनडात योग्य ओळखपत्रं असली की नोकरी नसताना, खिशात दमडी नसतानाही खातं उघडण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय.

आखाती देशांत सगळं निवास ओळखपत्रावर चालतं. अमिरातीत एमिरेट्स आयडी, सौदीत इकामा. ते हातात येईपर्यंत थांबायचं. तिथे कर्ज घेतलं असेल तर ध्यानात ठेवा, नोकरी सुटल्याचं कळताच बँक खात्यात आलेला तुमचा नोकरीचा शेवटचा हिशोब रोखून धरू शकते.

मी गेल्यावर इथलं बचत खातं तसंच चालू ठेवलं तर काय बिघडतं? कुणाला कळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावरच सगळ्यात जास्त लोक चुकतात.

परकीय चलन कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, असं म्हणतो की नोकरी-धंद्यासाठी देश सोडला की तुम्ही अनिवासी. एकशे ब्याऐंशी दिवस पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. तो हिशोब आयकराचा आहे, हा वेगळा. शिकायला गेलेल्यांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते. अनिवासी माणसाला साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या इथल्या कमाईच्या, खात्यात बदलून घ्यावं लागतं. फॉर्म, पासपोर्ट-व्हिसाची प्रत आणि परदेशी पत्त्याचा पुरावा एवढंच काम. जाण्याआधी बँकेत जाऊन फॉर्म आणून ठेवलात तर पुढचं सोपं होतं.

कळतं कसं? तिकडची बँक खातं उघडतानाच विचारते, आणखी कोणत्या देशात कर भरता. अनेक देश खात्यांची माहिती एकमेकांना देतात, भारतही त्यात आहे. शिवाय तुमचा पॅन. तोही आयकराच्या पोर्टलवर अनिवासी म्हणून बदलून घ्या.

एनआरओ आणि एनआरई यांत फरक काय?

एनआरओ म्हणजे इथल्या कमाईचं खातं: घरभाडं, शेतीचे पैसे, शेअरचा लाभांश, जुनी शिल्लक. यातल्या व्याजावर तीस टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कर मुळातच कापला जातो. जर्मनीशी असलेल्या करारामुळे तो दहा टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी तिथल्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला बँकेला द्यावा लागतो. यातले पैसे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएच्या कागदपत्रांसह.

एनआरई म्हणजे तिकडच्या कमाईचं खातं. युरो-डॉलर पाठवा, इथे रुपये होतात, आणि पाहिजे तेव्हा विनाअट परत नेता येतात. व्याज भारतात करमुक्त. पण फक्त भारतात. तुम्ही जर्मनीचे रहिवासी असाल तर जर्मनी जगभरच्या कमाईवर कर मागते. एका माणसाला व्याज-लाभांशाचे वर्षाला एक हजार युरो माफ आहेत, त्यावरचं तिकडच्या विवरणपत्रात दाखवायचं. "एनआरई टॅक्स फ्री" एवढं सांगून एफडी विकणारा बँकेतला पोरगा हे सांगत नाही.

इथली कमाई एनआरईमध्ये रोखीने भरता येत नाही, एवढी एक गाठ बांधून ठेवा.

आमचं खातं नागरी सहकारी बँकेत आणि थोडे पैसे पतसंस्थेत आहेत.

एनआरई-एनआरओ खाती परवाना असलेल्या बँकेतच निघतात. बऱ्याच छोट्या सहकारी बँकांकडे तो नसतो, म्हणून एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं असू द्या. पतसंस्था तर बँकच नाही. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे मी नव्याने सांगायची गरज नाही, ज्यांची हयातीची पुंजी अडकली ते घरोघरी आहेत. परदेशातून त्या कार्यालयाच्या चकरा मारता येत नाहीत, एवढंच म्हणतो.

माझ्या नावावर शेत आहे. केळीचे पैसे कुठे जमा होतील?

एनआरओ खात्यात. वडिलोपार्जित शेत अनिवासी माणसाला ठेवता येतं, वारसानेही मिळतं, फक्त नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. रावेर-यावलकडचे व्यापारी जुन्याच खात्यावर पैसे टाकत राहतात, तेव्हा त्यांना नवा खाते क्रमांक आधी कळवा. पीएम किसानचे सहा हजार मात्र अनिवासी शेतकऱ्याला मिळत नाहीत, ते बंद करून घ्या. भाऊ कसतो, नाव माझं, म्हणून येऊ दे, असं चालत नाही. नंतर वसुलीची नोटीस येते तेव्हा भाऊ घरी नसतो.

आजोबांनी घेतलेले विप्रोचे शेअर माझ्या डिमॅटमध्ये आहेत.

अमळनेरकर असाल तर हा प्रश्न येणारच. कंपनी १९४५ मध्ये आपल्याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि कित्येक घरांत ते कागद पडून होते. शेअर विकायची गरज नाही. डिमॅट खातंही अनिवासी दर्जात बदलून एनआरओ बँक खात्याला जोडायचं. लाभांश तिथे येईल, कर कापून.

आई-वडिलांना माझ्या खात्याचा व्यवहार करता येईल का?

दोन वाटा. एक, त्यांना संयुक्त खातेदार करा. निवासी जवळचा नातेवाईक एनआरई-एनआरओ खात्यात 'पहिला किंवा हयात' पद्धतीने बसतो. म्हणजे तुम्ही असेपर्यंत खातं तुम्हीच चालवायचं. दुसरी, बँकेचं अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र. त्यावर आई पैसे काढू शकते, बिलं भरू शकते, पण तुमच्या वतीने कुणाला बक्षीस देऊ शकत नाही.

मुखत्यारपत्र जाण्यापूर्वी इथेच करा, अर्ध्या दिवसाचं काम. तिकडून करायचं म्हटलं तर वकिलातीत किंवा नोटरी-अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून पाठवावं लागतं आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत हमखास विसरली जाते. मग घर विकायच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात आठवते.

घरी पैसे पाठवायची स्वस्त वाट कोणती? आणि वडिलांना त्यावर कर लागतो का?

कर नाही. मुलाने आईबापाला दिलेले पैसे कितीही असोत, त्यांचं उत्पन्न धरत नाहीत. त्या पैशांची एफडी केली तर तिच्या व्याजावर मात्र त्यांना कर.

स्वस्ताबद्दल सांगायचं तर 'शून्य शुल्क' ही पाटी बघू नका, दर बघा. बाजारात युरोचा जो दर आहे त्याहून एक रुपया कमी दिला तर हजार युरोंमागे हजार रुपये गेले. पाठवण्याआधी फक्त एवढं विचारा: इतके युरो दिले तर वडिलांच्या खात्यात किती रुपये पडतील? दोन-तीन ठिकाणचं उत्तर समोर ठेवा, वेळ लागत नाही.

मित्राला तिकडे युरो द्यायचे आणि त्याच्या घरच्यांनी इथे आमच्या घरी रुपये द्यायचे. दोघांचंही शुल्क वाचतं. चालतं ना?

नाही. ही हवालाच झाली, माणसं ओळखीची असली तरी. फेमात बसत नाही. याच जातीचं दुसरं एक आमिष विद्यार्थ्यांना दाखवलं जातं: तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, मधले पन्नास युरो तुझे. ते पैसे चोरीचे असतात आणि पोलिसांच्या कागदावर नाव तुमचं येतं. खातं जातं, पाठोपाठ व्हिसाही धोक्यात.

इथल्या बँकेचा ओटीपी तिकडे येत नाही.

जाण्यापूर्वी सिमवर रोमिंग सुरू करा आणि एसएमएस येतो का ते पोचल्या दिवशीच बघा. तीन महिने वापर नसला की नंबर बंद पडू शकतो, मग तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. रिचार्जची तारीख वडिलांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून या. यूपीआयसाठी जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या मोबाइल नंबरांना एनआरई-एनआरओ खात्याशी जोडायची परवानगी मिळाली. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, अमिराती, सौदी होते, जर्मनी नव्हता. म्हणून जर्मनीवाल्याने तर भारतीय सिम जपायलाच हवं.

कायमचा परत येतोय. तिकडचं खातं विमानात बसायच्या आधी बंद करू का?

घाई नको. अनिवासी असताना कमावलेले पैसे तिकडच्या खात्यात ठेवायला कायद्याची हरकत नाही. फक्त इथे तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की आयकर विवरणपत्रात परदेशी खातं दाखवावं लागतं. इथली एनआरई-एनआरओ खाती मात्र परत आल्यावर लगेच साधी करून घ्या.

आणि तिकडे तुमचे पैसे अजून यायचे असतात. घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते आणि घरमालक पाणी-हीटिंगचा हिशोब लागेपर्यंत त्यातला भाग मागे ठेवतो. कराचा परतावा त्यानंतर. मी बॅग भरायच्या आधी बँकेत जाऊन पत्ता तेवढा अमळनेरचा करून आलो. पिनचं नवं पत्र जर्मनीहून आमच्या घरी आलं, तेव्हा पोस्टमनने गल्लीच्या तोंडाशीच हाक मारली, "जर्मनीवाल्याचं पत्र आलं रे!" इथे पेटीवर नाव लागत नाही. अनामतीचे उरलेले पैसे सात महिन्यांनी जमा झाले, मग खातं बंद केलं.